मचाणावर बसणाऱ्याची थंडी

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात बंदुकीने हरिणांची शिकार करण्याचा नऊ दिवसांचा हंगाम थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरअखेरच्या सणाच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो. राज्याच्या उत्तरेकडील जंगलांत त्या दिवसांत पहाटेचा पारा शून्याखाली दहा अंश सेल्सिअसवर असला, तरी कोणाला त्याचे नवल वाटत नाही. पाच लाखांहून अधिक लोक या हंगामाचे परवाने घेतात. कारखान्यांत रजांचे अर्ज उन्हाळ्यातच पडलेले असतात आणि उत्तरेकडे जाणाऱ्या रस्त्यांवर शुक्रवारी संध्याकाळी नारिंगी टोप्यांची रांग लागते. महाराष्ट्रातील वाचकांना हे सारे चमत्कारिक वाटेल, याची मला कल्पना आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला जवळजवळ पूर्णविराम दिला आणि तो योग्यच होता. इकडे पांढऱ्या शेपटीच्या हरिणांची संख्या आटोक्यात ठेवण्याचे काम बऱ्याच अंशी शिकाऱ्यांकडूनच करून घेतले जाते आणि शिंगे नसलेल्या हरिणांसाठी किती परवाने द्यायचे हे सरकारी खाते दरवर्षी ठरवते. शिकार करावी की करू नये, हा वाद मी येथे घालणार नाही. मला लिहायचे आहे ते थंडीविषयी, कारण गावाकडून येणाऱ्या फोनवर नैतिक प्रश्न एखाद्या वेळी विचारला जातो, पण "अरे, तिथे एवढ्या गारठ्यात बसतोस तरी कसा?" हा प्रश्न हमखास असतो.

या प्रश्नातला "बसतोस" हा शब्द अगदी नेमका आहे. बर्फावर घसरत जाणारा खेळाडू, जळण फोडणारा शेतकरी, अंगणातला बर्फ फावड्याने उपसणारा गृहस्थ हे सगळे याच थंडीत असतात, पण ते हलत असतात. मचाणावर बसलेला शिकारी मात्र अंधार असल्यापासून दुपारपर्यंत झाडाला पाठ टेकून निश्चल बसलेला असतो, कारण हरणाची नजर स्थिर आकृतीवरून सहज घसरते, पण हललेला हात त्याला शंभर पावलांवरून दिसतो. शांत बसलेल्या प्रौढ माणसाचे शरीर साधारणपणे १०० वॅट उष्णता निर्माण करते. तोच माणूस पाठीवर ओझे घेऊन बर्फातून भराभर चालू लागला, की हा आकडा चौपट-पाचपट होतो. म्हणजे जो पोशाख चालताना पुरेसा असतो, तो बसताना अपुरा पडणार आणि जो बसताना पुरेल, तो घालून चालले तर माणूस घामाने न्हाणार. हिवाळी शिकारीतील पोशाखाचा सगळा प्रश्न या दोन वाक्यांत आला, आणि दुकानात सर्वांत जाड कोट विकत घेऊन तो सुटत नाही.

माझ्या मते दिवसभराची थंडी ठरते ती मोटारीपासून मचाणापर्यंतच्या पहिल्या अर्ध्या तासात. घामाचा हिशेब करून पाहावा. शंभर मिलिलिटर घाम, म्हणजे जेमतेम अर्धा पेला, वाळायला सुमारे २४० किलोज्यूल उष्णता लागते. शांत बसलेल्या शरीराची ही जवळजवळ चाळीस मिनिटांची संपूर्ण कमाई झाली. हा घाम कपड्यांत मुरलेला असताना आपण मचाणावर चढलो, तर पुढचा सगळा वेळ शरीर स्वतःला ऊब देण्याऐवजी कपडे वाळवण्यात खर्ची पडते. शिवाय ओल्या कापडातून उष्णता वेगाने निसटते, कारण पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट उष्णतावाहक आहे. त्यामुळे शिकारीला जाताना अंगावर किती कपडे घातले यापेक्षा पिशवीत किती ठेवले, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

माझे शेजारी उत्तर विस्कॉन्सिनमध्ये वाढलेले, आयुष्यभर दुभत्या गाई सांभाळलेले वृद्ध गृहस्थ आहेत आणि या बाबतीत ते मोठे काटेकोर आहेत. मोटारीतून उतरल्यावर ते अंगात फक्त एक पातळ लोकरी बनियन, त्यावर एक सदरा आणि सर्वांत वर नारिंगी बंडी एवढेच ठेवतात. कोट, जाड विजार, मोठे हातमोजे आणि कानटोपीसुद्धा पाठीवरच्या पिशवीत असते. निघताना अंगावर काटा येत नसेल तर आपण जास्त कपडे घातले आहेत असे समजावे, हा त्यांचा नियम. वाट तीच असली तरी ते मुद्दाम लवकर निघतात, म्हणजे घाई करावी लागत नाही. मध्येच थांबून गळ्याशी दोन बोटे घालून पाहतात आणि कातडी ओलसर लागली की वेग आणखी कमी करतात. अंधारात त्यांच्या मागून चालताना मला पूर्वी हा उगाचचा संथपणा वाटे. आता त्या वेगाने चालणे हेच मला शिकारीतले पहिले कौशल्य वाटते.

मचाणाच्या झाडाखाली पोहोचल्यावर लगेच वर चढायचे नसते. नारिंगी बंडी घातलेल्या अवस्थेत पाच-दहा मिनिटे नुसते उभे राहायचे, म्हणजे अंगातली वाफ निघून जाते. टॉर्चच्या लाल उजेडात खांद्यांवरून ही वाफ उठताना अक्षरशः दिसते. मग आतले बनियन बदलायचे. उणे दहा अंशांत उघड्या अंगाने उभे राहण्याचे ते अर्धे मिनिट जिवावर येते हे खरे, पण कोरडे बनियन अंगात गेल्यावर जो दिलासा मिळतो तो पुढे चार तास टिकतो. पायमोजेही येथेच बदलायचे. त्यासाठी मी पिशवीत एक लहान गोणपाट ठेवतो. त्यावर उभे राहून एकेक पाय बुटातून काढायचा, पुसायचा आणि नवा लोकरी मोजा चढवायचा. हे सगळे झाल्यावर मोठा कोट आणि विजार घालून, कमरेचा-खांद्यांचा सुरक्षापट्टा आवळून मग चढायचे. रिकामी बंदूक दोरीला बांधून खालीच ठेवायची आणि वर बसल्यानंतर ओढून घ्यायची. जाड कोटावर पट्टा बसत नाही म्हणून तो न बांधणारे लोक मी पाहिले आहेत. पट्टा कोटाच्या आकाराला सैल करून घेण्याचे काम घरी, दिवसाउजेडी करण्याचे आहे.

कापडाच्या निवडीबद्दल एवढेच सांगतो की सुती काहीही नको. सुती बनियन, सुती मोजे, डेनिमची विजार हे सगळे घाम शोषून घेतात, तो तंतूंत धरून ठेवतात आणि ज्या हवेच्या पोकळ्यांमुळे ऊब राहते त्या पाण्याने भरून टाकतात. लोकरीचे वर्तन वेगळे असते. लोकरीचा तंतू आपल्या वजनाच्या सुमारे तीस टक्के बाष्प पोटात घेऊनही हाताला ओला लागत नाही आणि त्याचे कुरळेपण कायम राहत असल्यामुळे आतली हवाही तशीच राहते. माणदेशातल्या माणसाला हे प्रयोगशाळेतून शिकावे लागत नाही. पावसाळ्यात घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन मेंढरांमागे दिवसभर उभा असलेला धनगर ज्याने पाहिला आहे, त्याला भिजलेली लोकरही ऊब देते हे ठाऊक असते. दख्खनी मेंढीची लोकर अंगाला टोचते म्हणून बनियनाच्या जागी ती चालत नाही. त्या जागी मेरिनो लोकर किंवा पॉलिएस्टरचे पातळ विणकाम लागते. मधल्या थराला मात्र जाडीभरडी लोकर उत्तम, आणि तिचा आणखी एक गुण असा की ती फांदीला घासली तरी आवाज करत नाही. पाण्याला अभेद्य असलेली कित्येक आधुनिक जाकिटे पावसात छान असतात, पण हात उचलताच कागद चुरगाळल्यासारखी वाजतात. शिकाऱ्याच्या दृष्टीने हा दोष मोठा आहे. पिसे भरलेले कोट वजनाच्या मानाने सर्वांत उबदार असले, तरी पिसे ओली झाली की त्यांचा फुगवटा जातो आणि फुगवट्याबरोबर ऊबही जाते. म्हणून ते कोरड्या, कडक थंडीच्या दिवसांसाठी राखून ठेवावेत.

निश्चल बसून शिकार करण्याची कला ज्यांनी पराकोटीला नेली ते लोक अर्थातच आर्क्टिक प्रदेशातले इन्युइट. समुद्रावरच्या बर्फात सील श्वास घेण्यासाठी जे लहान छिद्र राखतो, त्याच्यापाशी त्यांचे शिकारी तासन्‌तास जवळजवळ न हलता उभे किंवा बसून राहत. आमच्या हंगामातली थंडी त्यांनी थंडी म्हणूनही मोजली नसती. त्यांचा पारंपरिक पोशाख कॅरिबू या उत्तरेकडील हरणाच्या कातड्याचा असे. आतल्या अंगरख्याचे केस अंगाकडे आणि बाहेरच्याचे केस बाहेरच्या बाजूला, अशी त्याची रचना होती. कॅरिबूचे केस आतून पोकळ असतात, त्यामुळे दोन कातड्यांच्या मध्ये आणि खुद्द केसांतही हवा साठून राहते. या पोशाखाचे दुसरे मर्म त्याच्या सैलपणात होते. चालताना, स्लेज ढकलताना गळ्याशी मोकळे केले की गरम, दमट हवा वरून निघून जाई आणि बसताना बंद केले की तीच हवा आत कोंडली जाई. नॉर्वेचा रोआल्ड आमुंडसेन १९०३ ते १९०५ या काळात कॅनडाच्या आर्क्टिक भागातील ज्योआ हेवन येथे नेत्सिलिक इन्युइटांच्या शेजारी राहिला, त्यांच्याकडून त्याने हे कपडे घेतले, वापरून पाहिले आणि १९११ मध्ये दक्षिण ध्रुवावर जाताना त्याच विद्येवर भिस्त ठेवली. आपण ज्याच्यासाठी बसलेलो असतो त्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या हिवाळी अंगावरही असेच पोकळ केस आणि त्यांच्याखाली मऊ लोकर असते. त्याच्या पाठीवर पडलेला बर्फ वितळत नाही, इतकी त्याची ऊब आत राहते. आपण वर कुडकुडत असताना खालून ते ज्या निवांतपणे चरत जाते, ते पाहून कधीकधी हेवा वाटतो.

आता पायांविषयी, कारण मचाण सोडून लवकर घरी परतणाऱ्यांना विचारले तर बहुतेक जण बोटे बधिर झाल्याचे कारण सांगतील. शरीराला गारठा जाणवला की ते गाभ्याचे रक्षण करण्यासाठी हातापायांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळून घेते. पाय हे हृदयापासून सर्वांत दूर, आणि बसल्यावर पायांचे स्नायू काहीच काम करत नाहीत. अशा वेळी लोक एकावर एक दोन जाड मोजे घालून बुटात पाय कोंबतात. त्यामुळे बुटातली हवा नाहीशी होते आणि उरलासुरला रक्तप्रवाहही दाबला जातो. एकच चांगला जाड मोजा आणि त्यासाठी अर्ध्या मापाने मोठा बूट, म्हणजे आत बोटे मोकळेपणी हलवता येतात, हीच खरी सोय. इकडे थंडीसाठी जे बूट वापरतात त्यांचा तळ रबराचा, वरचा भाग चामड्याचा किंवा कापडाचा आणि आत काढता येणारे नमद्याचे, म्हणजे दाबून केलेल्या जाड लोकरी कापडाचे, अस्तर असते. रबर आणि चामड्याचा हा जोड मेन राज्यातल्या लिऑन लिऑनवुड बीन यांच्यामुळे लोकप्रिय झाला. शिकारीहून ओल्या, गारठलेल्या पायांनी परतून कंटाळलेल्या या गृहस्थांनी १९१२ मध्ये रबरी तळाला चामड्याचा वरचा भाग शिवून घेतला आणि शंभर जोड विकले. त्यांतले नव्वद जोड शिवण उसवल्यामुळे परत आले, त्यांनी सगळ्यांचे पैसे परत केले आणि बूट सुधारून पुन्हा बाजारात आणला. नमद्याच्या अस्तराची एकच अट असते. ते रोज रात्री बुटातून बाहेर काढून चुलाणापासून हातभर अंतरावर सुकवावे लागते. दिवसभरात पायाच्या घामाने ते ओले झालेले असते आणि बुटातच राहिले तर दुसऱ्या दिवशी पहाटे आपण गार, दमट नमद्यात पाय घालतो.

बूट चांगले असूनही पाय गारठतात त्याचे दुसरे कारण पायांखाली असते. मचाणाचा तळ बहुधा लोखंडी किंवा अॅल्युमिनियमच्या जाळीचा असतो आणि धातू तळव्यांतली ऊब सतत ओढून घेत राहतो. शेजाऱ्यांच्या मचाणावर जुन्या गालिच्याचा एक तुकडा तारेने बांधून ठेवलेला आहे. त्याने दोन कामे होतात, पाय गरम राहतात आणि बूट सरकवल्याचा आवाज होत नाही. बैठकीखाली फोमची जाड गादी हवीच, कारण मांड्यांखालून जाणारी ऊब कोणताही कोट अडवू शकत नाही. पायांचे स्नायू न हलवताही कामाला लावता येतात. तळवे फळीवर दाबून मांड्या आवळायच्या, दहापर्यंत मोजायचे आणि सोडायच्या, असे दर काही मिनिटांनी केले तर बाहेरून काहीच दिसत नाही आणि आत रक्त फिरत राहते.

हातांची अडचण वेगळी आहे, कारण त्यांना ऊबही हवी आणि वेळ येताच बारीक कामही करता यायला हवे. पाच बोटांच्या मोज्यात प्रत्येक बोट एकटे पडते. चारही बोटे एकत्र राहतील असा मोजा, ज्याला इकडे मिटन म्हणतात, तो कितीतरी उबदार. मी आत पातळ लोकरी हातमोजे आणि वर सैल मिटन घालतो, म्हणजे प्रसंगी उजवा मिटन मांडीवर टाकून पातळ मोज्यातल्या बोटाने बंदुकीचा चाप हाताळता येतो. याहून चांगली युक्ती म्हणजे कमरेला बांधायची, दोन्ही बाजूंनी उघडी, आतून लोकर लावलेली नळी. दोन्ही हात तिच्यात घालून बसले की पातळ मोजेही पुरतात. तिच्यात ऊब देणारी एक पुडी टाकून ठेवावी. या पुड्यांत लोखंडाची भुकटी, मीठ, सक्रिय कोळसा आणि थोडा ओलावा असतो. बाहेरचे वेष्टन फाडल्यावर हवेतला प्राणवायू मिळून लोखंड गंजू लागते आणि त्या गंजण्याची उष्णता आपल्याला मिळते. हे लक्षात घेतले की तीच पुडी घट्ट बुटात थंड का पडते, हेही कळते, कारण तिथे हवाच पोहोचत नाही. पायांसाठी वेगळ्या, पातळ पुड्या मिळतात, पण त्यांच्यावर मी फारसा विसंबत नाही.

डोक्यावाटे शरीराची निम्मी उष्णता जाते असे अनेक जण अजूनही ठामपणे सांगतात. ते खरे नाही. प्रौढ माणसाचे डोके म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाचा साधारण दहावा हिस्सा आणि त्यातून जाणारी उष्णताही त्याच मानाने असते. तरीही कानटोपीइतकी कामाची वस्तू दुसरी नाही, कारण ती काढ-घाल करायला सर्वांत सोपी आहे. चालताना खिशात, बसल्यावर कानांवर, इतके सोपे नियंत्रण कोटाला नसते. गळपट्टी नाकावरून वर ओढली तर मात्र श्वासाची वाफ तिच्यावर गोठते आणि चष्मा लावणाऱ्या माझ्यासारख्याच्या काचा धुरकट होतात. बंदुकीवरच्या दुर्बिणीच्या काचेवर चुकून श्वास सोडला, तर ऐन वेळी समोर पांढऱ्या धुक्याशिवाय काही दिसत नाही. म्हणून गळपट्टी हनुवटीपर्यंतच ठेवावी आणि श्वास खाली सोडावा.

वारा हा थंडीचा खरा मुकादम. तापमान उणे दहा असताना ताशी वीस किलोमीटर वारा सुटला, तर उघड्या कातडीला ते उणे अठरा असल्यासारखे लागते आणि झाडावर वारा जमिनीवरच्यापेक्षा जोराचाच असतो. वाऱ्याला ओल मिळाली की काय होते, याचा दाखला या भागात अजून सांगितला जातो. ११ नोव्हेंबर १९४० रोजी, पहिले महायुद्ध थांबल्याच्या स्मरणार्थ पाळल्या जाणाऱ्या युद्धविरामदिनाच्या सुटीला, मिनेसोटा आणि विस्कॉन्सिनमधील शेकडो लोक मिसिसिपी नदीच्या बेटांवर बदकांच्या शिकारीला गेले होते. सकाळ ऋतूच्या मानाने इतकी उबदार होती की कित्येकांच्या अंगावर हलकी जाकिटे होती. बदकांचे थवेच्या थवे येत होते, कारण मागून वादळ त्यांना रेटत आणत होते, आणि बार टाकण्याच्या नादात आभाळाकडे लक्ष द्यायला कोणाला सवड नव्हती. दुपारी वारा फिरला, पावसाचे बर्फ झाले, नदीवर लाटा उसळल्या आणि लहान होड्यांतून परतणे अशक्य झाले. भिजलेल्या कपड्यांनिशी लोकांनी उलट्या केलेल्या होड्यांखाली, झुडपांच्या आडोशाला रात्र काढली. हालचाल करत राहिले त्यांतले बरेच जगले. दुसऱ्या दिवशी मिनेसोटातल्या विनोना येथील वैमानिक मॅक्स कॉनराड यांनी त्या वाऱ्यातच लहानसे विमान काढले, अडकलेल्यांना हुडकून त्यांना खाद्यपदार्थ आणि आगपेट्या टाकल्या आणि बचावाच्या होड्यांना दिशा दाखवली. एकट्या मिनेसोटात त्या वादळाने ४९ बळी घेतले. त्यांतले जवळजवळ निम्मे बदकांचे शिकारी होते. नोव्हेंबरातल्या उबदार सकाळी इकडची जुनी माणसे पिशवीत जास्तीचा कोट टाकतात, त्यामागे ही आठवण आहे.

खाण्यापिण्याविषयी थोडक्यात. पहाटे तेलातुपाचे भरपेट खावे, कारण चरबी सावकाश जळते आणि पचनाची उष्णताही बराच वेळ पुरते. मी खिशात डिंकाचे लाडू नेतो. बाहेरच्या खिशात ठेवले तर त्यांतले तूप थिजून लाडू दगड होतात, म्हणून कोटाच्या आत छातीपाशी ठेवतो. थर्मासमधला आल्याचा चहा मनाला जितकी ऊब देतो तितकी शरीराला देत नाही, पण मनाचीही गरज असतेच. थंडीत लघवीला वारंवार लागते, कारण हातापायांतले रक्त गाभ्याकडे आले की मूत्रपिंडांना ते जास्तीचे पाणी वाटते. यासाठी बहुतेक जण रुंद तोंडाची बाटली वर घेऊन बसतात, याविषयी संकोच करण्याचे कारण नाही. मद्य मात्र बंदुकीच्या जवळपासही नको. त्याने कातडीच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गालांवर ऊब जाणवते आणि त्याच वाटेने गाभ्यातली उष्णता बाहेर जाते.

काही लोक लाकडी खोक्यासारखी बंदिस्त मचाणे बांधून त्यांत प्रोपेनची शेगडी लावतात. वृद्धांना आणि मुलांना घेऊन बसायचे असेल तर मी त्याला नाक मुरडणार नाही, पण दोन बाजूंच्या खिडक्या उघड्या नसतील तर आत साचणारा कार्बन मोनॉक्साइड वास न येता माणसाला गुंगी आणतो. माझ्यापुरते सांगायचे तर शेगडीपाशी बसलो की मला झोप लागते आणि झोपून राहायचे तर घर काय वाईट आहे?

थंडी किती झाली की खाली उतरायचे, हे मचाणावर ठरवता येत नाही, कारण ठरवणारा मेंदूच तेव्हा सुस्तावलेला असतो. शरीराचे आतले तापमान पस्तीस अंशांच्या खाली गेले की वैद्यकीय भाषेत त्याला अल्पउष्णता म्हणतात, पण त्याच्या कितीतरी आधी बोलणे जड होते, वस्तू हातातून निसटतात आणि माणूस उगाच चिडचिडा होतो. शेजाऱ्यांची कसोटी सोपी आहे. अंगठ्याने त्याच हाताच्या करंगळीच्या टोकाला स्पर्श करून पाहावा. तो नीट जमत नसेल, तर शिडी धरण्याइतकीही शक्ती बोटांत फार वेळ राहणार नाही, म्हणून लगेच उतरावे. चढण्यापेक्षा उतरणे धोक्याचे असते आणि बधिर हातांनी तर फारच.

उतरण्याचे दुसरे कारण मला यापेक्षाही महत्त्वाचे वाटते. हुडहुडी भरलेला माणूस नेम धरू शकत नाही. दुर्बिणीतली रेघ हरणाच्या खांद्यामागे स्थिर राहत नसेल, तर चाप ओढण्याचा आपल्याला अधिकार नाही. पोटात किंवा पायात गोळी लागलेले हरीण रात्रभर दलदलीत तडफडत राहते आणि ते आपल्याला सापडतही नाही. ज्या शिकाऱ्यांना मी मानतो ते दात वाजू लागले की बंदूक रिकामी करून खाली उतरतात, मोटारीपर्यंत एक फेरी मारतात, अंग गरम करून परत येतात. त्या फेरीत एखादे मोठे शिंगाळे निघून गेले तरी ते त्याविषयी हळहळत नाहीत.

शिकार साधली तर थंडीचा शेवटचा अध्याय तेव्हा सुरू होतो, आणि नवख्यांना त्याची कल्पना नसते. हरीण जागीच साफ करावे लागते. हातमोजे काढून, बाह्या कोपरापर्यंत सारून केलेल्या या कामात आधी हात त्या शरीराच्या उबेने गरम होतात आणि बाहेर काढताच ओले असल्यामुळे काही क्षणांत बधिर होतात. म्हणून पिशवीत रबरी हातमोजे आणि एक जुना टॉवेल असावा. त्यानंतर साठ-सत्तर किलोचे धूड बर्फावरून मोटारीपर्यंत ओढत न्यायचे असते आणि ओढू लागण्यापूर्वी मोठा कोट पुन्हा काढून पिशवीत घालावा लागतो, नाहीतर सकाळी टाळलेला सगळा घाम आता फुटतो. नारिंगी बंडी मात्र अंगावर हवीच, कारण कमरेच्या वर दिसणाऱ्या कपड्यांचा किमान निम्मा भाग भडक नारिंगी किंवा गुलाबी असावा, असा येथील कायदा आहे आणि जंगलात त्या वेळी आपण एकटेच बंदूकधारी नसतो. मोटारीत बसण्याआधी बनियन पुन्हा बदलावे. बंदूक रात्री तापलेल्या खोलीत न नेता गार पडवीतच, रिकामी आणि कुलपात ठेवावी, कारण उबेत आणलेल्या थंड लोखंडावर लगेच पाणी सुटते आणि ते पाणी पहाटे चापाच्या कळीत गोठते.